कापरापासून कार्बन नॅनोट्यूब: भट्टी तापवण्यापासून रोध मोजण्यापर्यंत

नागपुरातल्या कॉलेजांत आणि विद्यापीठ विभागांत नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, वाढवणारे विद्यार्थी बरेच आहेत. काळा थर येतो, सेममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) धागे दिसतात, आणि गाडी अडते ती वाहकतेवर. एकाच पद्धतीने केलेल्या दोन नमुन्यांचे आकडे दहा-दहा पटींनी वेगळे येतात. मग मीटर बदलला जातो, प्रोब बदलले जातात. चूक मात्र बहुधा त्याच्या कितीतरी आधी, भट्टी तापण्यापूर्वीच झालेली असते.

खालची पद्धत कापूर आणि फेरोसीनची आहे: कापराच्या वाफेतून कार्बन मिळतो, आणि फेरोसीन या लोखंडाच्या संयुगातून सुटणाऱ्या लोखंडी कणांवर नळ्या वाढतात. दोन झोन (वेगवेगळे तापवता येणारे भाग) असलेल्या एका ट्यूब फर्नेसवर ती जमते, ॲसिटिलीन किंवा हायड्रोजनचा सिलिंडर लागत नाही, आणि कापूर मिळतो. तिच्यातून मुख्यतः बहुभिंती (एकात एक अनेक नळ्या असलेल्या) नॅनोट्यूब मिळतात. एकभिंती हव्या असतील तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही.

## टप्पा १: काय मोजायचे ते आधी ठरवा

"नॅनोट्यूबची वाहकता" हा प्रश्न अपुरा आहे. एका सुट्या नळीचा रोध, उभ्या वाढलेल्या दाट थराचा रोध आणि गाळून केलेल्या कागदासारख्या फिल्मचा रोध या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या प्रकारात धारा एका नळीतून दुसरीत उडी मारत जाते. त्या फिल्मचा बहुतेक रोध या सांध्यांत असतो, नळीच्या अंगात फार थोडा. म्हणून फिल्मच्या आकड्यावरून "आमच्या नॅनोट्यूबची वाहकता इतकी" असे लिहिता येत नाही.

साधी प्रयोगशाळा आणि फोर-प्रोब संच (चार टोके टेकवून रोध मोजणारा) असेल तर गाळलेली फिल्म निवडा. पुढचे टप्पे तीच धरून आहेत.

याच वेळी कोऱ्या, म्हणजे तुलनेसाठी केलेल्या, नमुन्यांची यादी करा. निदान दोन हवेत:

- फेरोसीन न घालता, फक्त कापूर वापरून, त्याच तापमानाला तेवढाच वेळ केलेला नमुना.
- काहीही न घालता फक्त आर्गॉनमध्ये तापवून थंड केलेला सब्स्ट्रेट (ज्या पट्टीवर थर वाढतो ती).

पहिला नमुना टाळलात तर पुढची सगळी मेहनत संशयात राहते. ८५० अंशांना कापराची वाफ तुटते आणि सब्स्ट्रेटवर साधा कार्बन बसतो. एकही नॅनोट्यूब नसलेला तो काळा थरसुद्धा वीज वाहून नेतो. कोऱ्या नमुन्याचा आकडा हाताशी नसेल, तर तुमच्या आकड्यात नळ्यांचा वाटा किती आणि काजळीचा किती हे सांगायला काही आधारच उरत नाही.

## टप्पा २: कापूर, फेरोसीन आणि सब्स्ट्रेट

कापूर. इतवारीच्या किराणा बाजारातला वडीचा कापूर पूजेला ठीक, प्रयोगाला नाही. वडीत बांधून ठेवणारे पदार्थ असू शकतात आणि दोन पुड्यांची शुद्धता सारखी असेल याची खात्री नसते. रसायन पुरवठादाराकडून शुद्धता छापलेला कापूर घ्या.

*तपासणी:* एक ग्रॅम कापूर स्वच्छ वॉच ग्लासवर ठेवून फ्यूम हूडमध्ये मंद हॉटप्लेटवर उडू द्या. काचेवर डाग किंवा भुकटी राहिली तर ती बाटली वापरू नका. ज्योत जवळ नको.

फेरोसीन. नारिंगी, कोरडी भुकटी हवी. कापराच्या वजनाच्या साधारण ५ टक्क्यांपासून सुरुवात करा. जास्त फेरोसीन म्हणजे जास्त नॅनोट्यूब, असा समज पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात लोखंडाचे कण जाड होतात, नळ्या जाड आणि वाकड्या येतात, आणि शुद्धीकरणाचे काम वाढते.

कापूर खलात नीट कुटला जात नाही, बत्त्याला चिकटतो. इथेनॉलचे चार थेंब टाकले की भुकटी होते. ते पूर्ण उडू द्या, मग फेरोसीन मिसळा आणि मिश्रण लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. नवतप्याच्या दिवसांत, खोली चाळीसच्या वर असताना, उघड्या बोटीतला (मिश्रण ठेवायच्या लांबट पात्रातला) कापूर तुमच्या डोळ्यांदेखत कमी होतो. वजन सकाळी करून दुपारी प्रयोग करणाऱ्यांचे कापूर-फेरोसीन प्रमाण दररोज वेगळे असते आणि त्यांना ते कळतही नाही. शेवटचे वजन बोट ट्यूबमध्ये सरकवण्याच्या अगदी आधी करा.

सब्स्ट्रेट. मोजमापासाठी क्वार्ट्झची पट्टी घ्या. उघड्या सिलिकॉनवर लोखंड आत शिरून सिलिसाइड बनवते आणि वाढ खुंटते. सिलिकॉनच लागणार असेल तर त्यावर सिलिकॉन ऑक्साइडचा थर हवा. ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग आर्गॉन किंवा नायट्रोजनने सुकवणे एवढी सफाई पुरते. पट्टी चिमट्यानेच धरा.

## टप्पा ३: भट्टीची ओळख करून घ्या

हा टप्पा सगळ्यांत जास्त वगळला जातो. यातून एकदाच जावे लागते, पण एक पूर्ण दिवस द्यावा लागतो.

तापमानाचा नकाशा. कंट्रोलरवर ८५० दिसते ते भट्टीच्या भिंतीजवळच्या थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीचे) तापमान. ट्यूबच्या आतले वेगळे असते. आर्गॉन चालू ठेवून लांब के-प्रकारचा थर्मोकपल आत सरकवा आणि दर ५ सेंमीवर तापमान टिपा. ज्या पट्ट्यात तापमान ±५ अंशांत राहते तेवढाच तुमचा वाढीचा पट्टा. भट्टी ३० सेंमी लांब असली तरी हा पट्टा बराच आखूड निघतो. त्याच नकाशात बोटीची जागाही ठरवा: मुख्य झोन ८५० ला असताना जिथे तापमान ५० अंशांच्या आसपास राहते ती जागा.

गळती. क्वार्ट्झ ट्यूब दाब सहन करायला बनवलेली नसते. ०.२ बारपेक्षा जास्त दाब देऊ नका. बारीक आर्गॉन सोडून प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावा. मग ट्यूबमागच्या बबलरमध्ये (वायू ज्यातून बाहेर जातो त्या तेलाच्या बाटलीत) बुडबुडे नियमित येतात का ते पाहा. ट्यूबमध्ये आर्गॉन जातो पण बबलर शांत राहतो, याचा अर्थ वायू दुसरीकडून निसटतो आहे.

बाहेर जाणारी वाफ. तिच्यात कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन आणि जड सुगंधी हायड्रोकार्बन असतात. नळी फ्यूम हूडमध्येच सोडा, खिडकीबाहेर नको. ट्यूबच्या शेवटी क्वार्ट्झ वूलचा बोळा आणि बबलरच्या आधी एक रिकामी बाटली ठेवा. ट्यूब थंड होताना आत दाब कमी होतो आणि बबलरचे तेल मागे ओढले जाते, ते या बाटलीत अडते. वूलचा बोळा प्रत्येक प्रयोगानंतर बदला. काजळीने तो बुजला तर दाब ट्यूबमध्येच चढतो.

वीज गेली तर? मेच्या शेवटी आणि मृगाच्या तोंडावर वादळी पावसात वीज जाते, हे नागपूरकराला सांगायला नको. वायूचा प्रवाह सांभाळणारे बहुतेक मास फ्लो कंट्रोलर वीज जाताच बंद होतात. म्हणजे भट्टी ८५० ला आणि आर्गॉन शून्य. म्हणून कंट्रोलरला समांतर एक साधा, विजेशिवाय चालणारा रोटामीटर (प्रवाहमापक) हाताच्या व्हॉल्व्हसह जोडून ठेवा आणि तो कुठे आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला दाखवा.

> सावधान: सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेलाच हवा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ ची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्रीय सुरक्षा यंत्रणेचे मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. साठवणुकीबद्दल शंका असेल तर अंदाज करू नका, नियम वाचा.

## टप्पा ४: वाढ

उदाहरणासाठी ट्यूबचा आतला व्यास ४० मिमी आणि लांबी १ मीटर धरू. आतली जागा सुमारे १.२६ लिटर.

1. सब्स्ट्रेट नकाशातल्या सपाट पट्ट्यात ठेवा. मिश्रणाची बोट अजून बाहेरच.
2. आर्गॉन ५०० एससीसीएमवर (मिनिटाला इतके घन सेंमी वायू) २५ मिनिटे सोडा. एवढ्यात आतली जागा दहा वेळा धुऊन निघते. शुद्धता ९९.९९९ टक्के हवी.
3. प्रवाह २०० वर आणा आणि मुख्य झोन मिनिटाला १० अंशांनी ८५० पर्यंत न्या. सुमारे ८० मिनिटे लागतील.
4. तापमान १५ मिनिटे स्थिर राहू द्या.
5. बोटीचे वजन करा. आर्गॉन ५०० वर वाढवा, थंड टोकाचे झाकण थोडा वेळ उघडून बोट ठरलेल्या जागी सरकवा, झाकण लावा. १० मिनिटांनी पुन्हा २०० वर या. चुंबकाने सरकणारी दांडी असेल तर बोट सुरुवातीपासून अगदी टोकाला, गार ठेवता येते आणि झाकण उघडावे लागत नाही. शक्य असेल तर तीच सोय करा.
6. आता, आणि आताच, पहिला झोन, म्हणजे बोट असलेला भाग, २०० अंशांना न्या.
7. कापूर संपेपर्यंत थांबा. बोट रिकामी झाल्यावर पहिला झोन बंद करा, मुख्य झोन १० मिनिटे तसाच ठेवून मग बंद करा.

सगळ्यांत जास्त चूक सहाव्या पायरीत होते. वेळ वाचवायला दोन्ही झोन एकदम चालू केले जातात. कापूर २०० च्या कितीतरी आधीपासून उडू लागतो, तेव्हा मुख्य झोन पाचशेलाही पोचलेला नसतो. फेरोसीन वाया जाते, भिंतीवर तपकिरी डाग येतात, आणि नमुन्यात काजळीच जास्त निघते.

दुसरी चूक प्रवाहाच्या हिशेबात होते. २०० एससीसीएम हा आकडा खोलीच्या तापमानाचा. ८५० अंशांना तोच वायू सुमारे पावणेचार पट फुगतो, म्हणून आतला वेग तेवढाच वाढतो. आपल्या ट्यूबमध्ये तो सेकंदाला सुमारे १ सेंमी होतो, म्हणजे ३० सेंमीच्या गरम भागात वाफेला साधारण अर्धा मिनिट मिळतो. दुसऱ्या व्यासाची ट्यूब असेल तर एससीसीएमचा आकडा जशाचा तसा उचलू नका. वेग जुळवा.

*तपासणी:* अशा एका प्रयोगाला, थंड होणे धरून, ८० ते ९० लिटर आर्गॉन लागतो. सिलिंडरवरचा दाब पाहूनच सुरुवात करा. मध्येच सिलिंडर बदलणे म्हणजे नमुना गमावणे.

## टप्पा ५: थंड करणे आणि बाहेर काढणे

ट्यूब १०० अंशांच्या खाली येईपर्यंत उघडू नका. नॅनोट्यूब हवेत साधारण ५०० अंशांपासून जळतात. काजळी आणि लोखंडाला चिकटलेला भाग त्याआधीच पेटतो. घाई केली तर चांगला भाग जळतो आणि हिशेबात लोखंड वाढलेले दिसते.

> सावधान: सुकी नॅनोट्यूब भुकटी हवेत उडू देऊ नका. एका प्रकारच्या बहुभिंती नॅनोट्यूबला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवले आहे. हातमोजे, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, आणि सांडले तर ओल्या फडक्याने पुसणे. झाडू नको, घरगुती व्हॅक्यूम क्लीनर नको.

आणि कूलर बंद. उन्हाळ्यात प्रयोगशाळेत डेझर्ट कूलर चालू असतो हे समजण्यासारखे आहे, पण त्याचा झोत फ्यूम हूडचे ओढणे बिघडवतो, तराजूचा काटा स्थिर होऊ देत नाही आणि भुकटी उडवतो. भुकटी उघडी असेपर्यंत घाम सोसावा लागतो.

## टप्पा ६: मोजण्याआधी नमुना ओळखा

रामन (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम). १३५० प्रति सेंमीच्या आसपासचा डी (दोष दाखवणारा) आणि १५८० च्या आसपासचा जी (ग्राफाइटसारखी रचना दाखवणारा) या दोन शिखरांच्या उंचीचे गुणोत्तर पाहा. एकाच बिंदूवर समाधान मानू नका. सब्स्ट्रेटच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा. लेसरची शक्ती कमी ठेवा, नाहीतर काळा नमुना तापून शिखरे सरकतात. डी उंच असणे म्हणजे नळ्या नाहीत असे नव्हे. कापराच्या नळ्यांत दोष असतातच. पण कोऱ्या नमुन्याचा स्पेक्ट्रम आणि तुमचा स्पेक्ट्रम सारखाच दिसत असेल, तर इथेच थांबा आणि टप्पा ४ पुन्हा करा.

टीजीए (नमुना तापवत त्याचे वजन मोजणे). हवेत ९०० अंशांपर्यंत तापवल्यावर मागे लालसर भुकटी उरते. ते फेरिक ऑक्साइड असते. तेच वजन "लोखंड" म्हणून लिहिलेले पुष्कळ प्रबंधांत सापडते. त्यात लोखंड ७० टक्केच. उरलेल्या वजनाला ०.७ ने गुणा.

शुद्धीकरण. हवेत ४०० अंशांना थोडा वेळ ठेवून काजळी कमी करा, मग हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून लोखंड काढा आणि धुण्याचे पाणी उदासीन होईपर्यंत धुवा. नळीच्या आत अडकलेले लोखंड यातून निघत नाही, ते टीजीएत पुन्हा दिसेल. नायट्रिक आम्ल वापरले असेल तर नोंद कराच. ते नळ्यांना डोप करते (त्यांतले धारावाहक वाढवते), रोध खाली येतो, आणि तो गुण नॅनोट्यूबचा समजला जातो. आर्गॉनमध्ये २०० अंशांच्या वर तापवून मग मोजलेत तर फरक कळतो.

## टप्पा ७: फिल्म

शुद्ध नळ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक बाथमध्ये पसरवा आणि पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) सच्छिद्र पडद्यावर व्हॅक्यूमने गाळा. पडदा आधी अल्कोहोलने ओला करा, कोरड्यावर थर फाटतो. तासन्‌तास अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवले तर नळ्या तुटून आखूड होतात, सांधे वाढतात, रोध चढतो. गुठळ्या दिसेनाशा झाल्या की थांबा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. साबणासारखे सर्फेक्टंट वापरले तर भरपूर धुवा. नळ्यांमध्ये उरलेला त्याचा थर रोधच वाढवतो.

फिल्म ८० अंशांना सुकवा, वजन करा. जाडी सेममध्ये छेद पाहून चार-पाच ठिकाणी मोजा. स्क्रू गेज फिल्म दाबतो, म्हणून त्याची जाडी नेहमी कमी येते आणि वाहकता फुगते.

उभ्या वाढलेल्या थरावर थेट प्रोब टेकवायचा मोह आवरा. टोके थरात घुसतात. खाली ऑक्साइड चढवलेला सिलिकॉन असेल तर ती ऑक्साइड भेदतात आणि धारा सिलिकॉनमधूनच जाऊ लागते. एक प्रोब थरावर आणि एक सिलिकॉनच्या पाठीवर ठेवून रोध पाहा. काही किलोओहम आले तर त्या नमुन्याचे आधीचे सगळे आकडे बाद.

## टप्पा ८: फोर-प्रोबने मोजणे

दोन प्रोबने मोजलेल्या आकड्यात संपर्काचा रोध मिसळलेला असतो. चार प्रोब हवेतच: बाहेरच्या दोनांतून धारा, आतल्या दोनांत विभवांतर.

1. माहीत असलेला १ किलोओहमचा अचूक रोधक मोजून मीटर आणि तारा तपासा.
2. सोर्समीटरवर (धारा देऊन विभवांतर मोजणाऱ्या यंत्रावर) व्होल्टेजची मर्यादा १ व्होल्ट ठेवा.
3. धारा १० मायक्रोअँपिअरपासून १ मिलिअँपिअरपर्यंत चढवा आणि उतरवा. आलेख सरळ रेषा हवा. वरच्या टोकाला वाकला तर फिल्म तापते आहे, धारा कमी करा.
4. प्रत्येक धारेला दिशा उलटी करून पुन्हा वाचा आणि दोन्ही विभवांतरांच्या वजाबाकीची अर्धी किंमत घ्या. तारांच्या जोडांवर तापमानातल्या फरकाने तयार होणारे खोटे विभवांतर यात निघून जाते.
5. फिल्म ९० अंश फिरवून परत मोजा.

आता हिशेब, कारण इथली चूक सगळ्यांत महाग पडते. कॉलेजांतला फोर-प्रोब संच जर्मेनियमच्या स्फटिकासाठी आलेला असतो आणि सोबतच्या पुस्तिकेत २π × प्रोबमधले अंतर × (विभवांतर ÷ धारा) हे सूत्र असते. ते जाड नमुन्याचे आहे. पातळ फिल्मला पुस्तिकेतच पुढे दिलेली दुरुस्ती लावावी लागते, आणि तेच पान उलटले जात नाही.

समजा प्रोबमधले अंतर २ मिमी, १ मिलिअँपिअरला १२.५ मिलिव्होल्ट, फिल्म २० मायक्रॉन जाड आणि ४० मिमी व्यासाची गोल. जाड नमुन्याच्या सूत्राने रोधकता १५.७ ओहम-सेंमी येते. पातळ थराच्या सूत्राने शीट रेझिस्टन्स (थराच्या चौरस तुकड्याचा रोध) म्हणजे गुणक × १२.५ ओहम. अमर्याद मोठ्या थराला हा गुणक ४.५३ असतो. ४० मिमीच्या चकतीच्या मध्यावर मोजताना तो ४.४४ आणि २० मिमीच्या चकतीला ४.१७ होतो. आपल्या उदाहरणात शीट रेझिस्टन्स ५५.५ ओहम, त्याला ०.००२ सेंमी जाडीने गुणले की रोधकता ०.१११ ओहम-सेंमी, वाहकता सेंमीला सुमारे ९ सीमेन्स. दोन उत्तरांत १४० पटींचा फरक, आणि मीटर दोन्ही वेळी अगदी बरोबर होता.

*तपासणी:* हेच सगळे टप्पा १ मधल्या कोऱ्या नमुन्यांवर करा. ते सब्स्ट्रेटवरच असतात, म्हणून शीट रेझिस्टन्सची तुलना गाळलेल्या फिल्मशी न करता, त्याच प्रयोगात शेजारी ठेवलेल्या, थर न सोललेल्या क्वार्ट्झ पट्टीशी करा. तिथे टोके थरात घुसू नयेत म्हणून गोल टोकाचे, हलक्या स्प्रिंगचे प्रोब वापरा.

## टप्पा ९: हवा, ऋतू आणि सुटी नळी

नॅनोट्यूबचा रोध ऑक्सिजन आणि बाष्पाने बदलतो. आपल्याकडे मे महिन्याची रखरखीत दुपार आणि श्रावणातली दमट सकाळ यांत एकाच फिल्मचे दोन आकडे येतील. कूलर चालू केला तरी फरक पडेल. बंद डब्यात कोरड्या आर्गॉनमध्ये निदान तासभर ठेवून मोजा, आणि तेही शक्य नसेल तर तापमान आणि आर्द्रता आकड्याच्या शेजारी लिहा.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर साचणारी स्थिर वीज जाड फिल्मला फारसे काही करत नाही, पण दोन इलेक्ट्रोडमध्ये बसवलेली सुटी नळी एका स्पर्शात जाते. १ मेगाओहममधून जमिनीला जोडलेला मनगटी पट्टा बांधल्याशिवाय अशा नमुन्याला हात लावू नका.

सुट्या नळीवर इलेक्ट्रोड घालायला इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफी लागते. नागपुरात ती सोय नसेल तर आयआयटी मुंबई किंवा बंगळुरूच्या आयआयएससीत बाहेरच्या संशोधकांसाठी चालणाऱ्या आयएनयूपी (नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या सोयी वापरू देणाऱ्या) उपक्रमाकडे प्रस्ताव पाठवता येतो. तिथे जाण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा. एका धातुरूप एकभिंती नळीचा दोन टोकांतला रोध, संपर्क कितीही चांगले असले तरी, सुमारे ६.५ किलोओहमच्या खाली जात नाही. त्याहून कमी वाचन आले तर इलेक्ट्रोडमध्ये एकापेक्षा जास्त नळ्या आहेत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. बहुभिंती नळीत अनेक भिंती समांतर वाहत असतील तर रोध याखाली जाऊ शकतो, म्हणून तिथे सेमचे चित्र आणि वाचन एकत्रच पाहा. सुरुवात ०.१ मायक्रोअँपिअरपासून करा आणि आलेख पाहत पाहत वर जा. एकभिंती नळीत धारा २५ मायक्रोअँपिअरच्या आसपास अडते. त्यापुढे रेटली तर नळी हवेत जळून तुटते.